तीनशे महिन्यांचं घर

ऑक्टोबर २०१६ मध्ये मी बेसा रोडच्या अंगाला एका फ्लॅट स्कीममध्ये चौथ्या मजल्यावरचा टू-बीएचके घेतला. राहायला नाही, किरायाने द्यायला. (पुस्तकात भाडं असतं, नागपुरात किराया असतो, या लेखात दोन्ही येतील.) सेल डीड झालं, किल्ली मिळाली, पेढे वाटले. त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, तो आठ नोव्हेंबरच्या रात्री नोटाबंदी आली. पुढच्या मे महिन्यात रेरा आला, जुलैत जीएसटी. त्यानंतरची चार-पाच वर्षं माझ्या स्कीममधल्या फ्लॅटचा भाव जागचा हलला नाही.

भावाचं दुःख मी कधीच पचवलं. दुखतं ते दुसरंच. फ्लॅटची किंमत बत्तीस लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील मिळून अडीच लाख. ग्रिल, पंखे, स्वयंपाकघरातली कपाटं, कूलरचा स्टँड यात दीड लाख गेले. एकूण छत्तीस. त्यातले पंचवीस लाख बँकेचे, साडेनऊ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता बसला २३,३०० रुपये. पहिला किरायेदार आला तो नऊ हजारांनी. म्हणजे दर महिन्याला चौदा हजार तीनशे रुपये माझ्या पगारातून त्या फ्लॅटला जात होते, आणि आमच्या घरी सगळे म्हणत होते की मी 'इन्कम सोर्स' उभा केला.

हे गणित घेण्याआधी मांडलं असतं तर दहा मिनिटं लागली असती. मी मांडलं नव्हतं. मी ब्रोकरला विचारलं होतं, इथे भाव किती वाढेल? किराया किती येतो हे मी सही झाल्यावर विचारलं. नागपुरात गेल्या काही वर्षांत मी ज्या-ज्या नव्या गुंतवणूकदाराशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी प्रश्न याच उलट्या क्रमाने विचारले होते.

आता मी एकच माप वापरतो, आणि ते पान ठेल्यावर उभ्या-उभ्या करता येतं. घराची किंमत म्हणजे किती महिन्यांचा किराया? पंचेचाळीस लाखांचा फ्लॅट आणि पंधरा हजार किराया असेल तर तीनशे महिने, म्हणजे पंचवीस वर्षं. याचाच अर्थ वर्षाला चार टक्के, तेही कुठलाही खर्च वजा न करता. नागपूरच्या नव्या वस्त्यांमध्ये, मनीषनगर, बेसा, हुडकेश्वर, दाभा, जयताळा, मी जे हिशेब पाहिले ते बहुतेक याच तीनशेच्या आगेमागे होते. काही साडेतीनशे, चारशेसुद्धा.

आता यातून खर्च काढा. वर्षातला एक महिना घर रिकामं राहतं असं धरलंच पाहिजे. किरायेदार निघाला की साफसफाई, रंग, नवा माणूस शोधणं, यात महिना सहज जातो. मेंटेनन्स, मालमत्ता कर, गळका नळ, जळालेली मोटर. पंधरा हजारांतून महिन्याला चार हजारांवर रक्कम अशीच निघून जाते. हातात उरतात पावणेअकरा हजार. पंचेचाळीस लाखांवर हे तीन टक्क्यांपेक्षा कमी आहे, आणि खरेदीचा खर्च तर मी यात धरलाच नाही.

आमच्या पुढच्या पिढीतली मुलं 'रिच डॅड पुअर डॅड' वाचून येतात आणि सांगतात, काका, किरायातूनच हप्ता फिटतो. ते पुस्तक १९९७ चं, अमेरिकेतलं. तिथले घर घेणारे एक सोपा नियम सांगतात: महिन्याचं भाडं किमतीच्या एक टक्का असलं पाहिजे. त्या नियमाने पंचेचाळीस लाखांच्या फ्लॅटला पंचेचाळीस हजार किराया हवा. बेश्यात पंचेचाळीस हजार मागून पाहा, लोक तब्येतीची चौकशी करतील. शिवाय तिथे तीस वर्षांचं कर्ज एकाच ठरलेल्या व्याजदराने मिळतं. आपल्याकडे दर हलता असतो. तिथलं गणित इथे आणताना या दोन गोष्टी विमानतळावरच राहून जातात.

*

नागपूरचा किराया एवढा कमी का, याचं उत्तर मला बाजारात नाही, शहराच्या स्वभावात सापडलं.

हे नोकरदारांचं शहर आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी इथे होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत ती गेली, विदर्भ मुंबई राज्यात आला, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. तरी कार्यालयं राहिली आणि नवी आली. रिझर्व्ह बँक, महालेखापाल, रेल्वेच्या दोन विभागांची मुख्यालयं, वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉईल, नीरी, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, वायुसेनेची मेंटेनन्स कमांड. यादी वाचली की वाटतं, केवढे किरायेदार! पण यांतल्या बऱ्याच ठिकाणी क्वार्टर्स आहेत. आणि ज्यांना क्वार्टर नाही ते बाबू लोक नोकरी लागल्यावर पाच-सात वर्षांत गृहनिर्माण सोसायटीत प्लॉट घेऊन मोकळे झाले, कारण नागपूरला चहूबाजूंनी जमीन आहे. मुंबईसारखा समुद्र आडवा येत नाही. आमच्याकडे लग्नात मुलाचा पगार विचारायच्या आधी प्लॉट कुठे आहे ते विचारतात.

म्हणजे ज्याला परवडतं तो किरायाने राहत नाही, आणि जो किरायाने राहतो त्याची देण्याची ताकद मर्यादित. उलट जमिनीचा भाव किरायावर चालत नाही. तो आशेवर चालतो. मिहान हा विमानतळाजवळचा सेझ प्रकल्प येणार म्हणून वर्धा रोडचे प्लॉट वीस वर्षांपूर्वी चढले. पुढे मिहान खरोखर आलंसुद्धा: टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आले, एम्स आणि आयआयएम उभं राहिलं. मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला आणि समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा भाग सुरू झाला, दोन्ही ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी. पण भाव दहा वर्षं आधीच तिथे जाऊन बसला होता. किराया मात्र नोकरी लागलेल्या मुलाच्या पगाराएवढाच वाढतो. तो आगाऊ वाढत नाही.

किरायावर देण्याबद्दलची धास्ती हे दुसरं कारण, आणि ते माझ्याच घरातलं आहे.

महाल या जुन्या वस्तीत आमच्या आजोबांचा वाडा होता. त्यातल्या दोन खोल्या साठच्या दशकात पस्तीस रुपये महिन्याने दिलेल्या. मी कॉलेजात गेलो तेव्हा तो आकडा साठ झाला होता. विदर्भात तेव्हा स्वतंत्र कायदा होता: सी.पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९. मुंबईच्या भाडेनियंत्रणाइतका तो प्रसिद्ध नाही, पण चिवट तेवढाच. घरमालकाला नुसती नोटीस देऊन किरायेदार काढता येत नसे. आधी रेंट कंट्रोलरकडे अर्ज करायचा, कारण सिद्ध करायचं, लेखी परवानगी मिळवायची, मग नोटीस, मग दिवाणी दावा. आजोबा परवानगीपर्यंत पोचले. दाव्यापर्यंत बाबा पोचले. खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा वाड्याची ती बाजूच पाडावी लागली.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि तो जुना आदेश गेला. पण भीती कायद्याबरोबर रद्द होत नाही. आजही नागपुरात कितीतरी फ्लॅट कुलूप लावून ठेवलेले आहेत. 'कोण डोक्याला ताप करून घेईल जी' एवढंच कारण. हे एकट्या नागपूरचं नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत म्हटलं होतं की शहरांमधल्या घरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला; आणि त्याच २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी होती.

नव्या कायद्यात मालकाची बाजू कमकुवत राहिलेली नाही, फक्त कागद नीट हवा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत किरायेदार म्हणेल ते खरं धरलं जातं. वर मालकाला दंड किंवा कैदसुद्धा होऊ शकते. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज स्टॅम्प पेपरवर अजून जिवंत आहे. तो महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदलेला करार संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून मागता येतं. खर्च पाहाल तर चौदा हजार किराया आणि चाळीस हजार डिपॉझिट असलेल्या वर्षभराच्या कराराला मुद्रांक शुल्क चार-पाचशे रुपये, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. काम ऑनलाइन होतं. पोलीस पडताळणीचा फॉर्म त्याच दिवशी भरून टाकावा. आजोबांना ही सोय असती तर वाड्याची भिंत वाचली असती.

*

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो.

बाबांचं घर मेडिकल कॉलेजच्या अंगाला, हनुमाननगरकडे आहे. तळमजला एवढंच घर होतं, वर गच्ची. २०१९ मध्ये आईच्या आग्रहाने आम्ही नकाशा मंजूर करून पहिला मजला चढवला. सातशे चौरस फूट, बाहेरून जिना, वेगळं मीटर. सगळा खर्च बारा लाख. मेडिकलमधली एक नर्स आणि तिचे शिक्षक यजमान असं जोडपं राहायला आलं, साडेआठ हजारांनी. वर्षाला एक लाख दोन हजार. बारा लाखांवर साडेआठ टक्के. बेश्याच्या फ्लॅटने त्याच वर्षी मला तीन टक्के दिले नव्हते.

मला आधी वाटलं हा योगायोग आहे. मग लक्षात आलं की नागपुरात पिढ्यान् पिढ्या लोकांनी हेच केलं आहे: खाली मालक, वर किरायेदार. नंदनवन, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, कुठेही फिरा, बाहेरून जिना असलेली घरं दिसतील. त्या लोकांनी 'यील्ड' हा शब्द ऐकला नव्हता, पण त्यांना एक गोष्ट बरोबर कळली होती. किरायेदार बांधकामाचे पैसे देतो. जमिनीचे देत नाही. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पाणी, दवाखान्यापर्यंतचं अंतर, याचे तो पैसे मोजतो. खालची जमीन पुढे सोन्याची होणार आहे याच्याशी त्याला काही घेणं नाही. फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा हिस्सा, बिल्डरचा नफा, जाहिरातीचं होर्डिंग, क्लब हाउस हे सगळं असतं. गच्चीवरच्या मजल्याच्या किमतीत विटा, सिमेंट, सळाख आणि मजुरी असते.

याला आक्षेप आहे, तो मीच घेतो. जमीन फुकट नव्हती, बाबांनी तिचे पैसे कधीतरी दिलेच होते. खरं आहे. पण ते दिलेले आहेत आणि त्या घरात ते राहतात. मजला चढवला नाही म्हणून ते पैसे परत मिळणार नव्हते. ज्याच्याजवळ घर आहे, पायवा मजबूत आहे आणि चटईक्षेत्र (एफएसआय) शिल्लक आहे, त्याने शहराबाहेरच्या होर्डिंगकडे पाहण्याआधी आपल्या गच्चीकडे पाहावं. घरविस्तारासाठी बँका कर्ज देतात. मंजुरी मात्र घ्या. मंजुरीशिवाय चढवलेल्या मजल्याला कर्जही मिळत नाही आणि विकताना तोच मजला अडतो.

*

ज्याच्याजवळ गच्ची नाही त्याने कर्ज काढून फ्लॅट घ्यावा का?

माझा एक मित्र राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाला. मी त्याला विचारलं, तू लोकांना काय सांगायचास? तो म्हणाला, "मी काय सांगू? ते विचारत होते, जास्तीत जास्त किती मिळेल. किती पेलवेल, हे कोणी विचारलंच नाही ना भाऊ."

बँक किती देते त्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे: तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, त्यावर पंचाहत्तर लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५. मुद्रांक आणि नोंदणी साधारणपणे या किमतीत धरत नाहीत, ते पैसे आपल्याच खिशातून. म्हणजे पंचेचाळीस लाखांच्या फ्लॅटला छत्तीस लाख मिळतील. आठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता तीस हजार एकशे. एकूण भरणा बहात्तर लाखांवर: जेवढं मुद्दल, तेवढंच व्याज. किराया पंधरा हजार.

उलट दिशेने मांडा. खर्च जाऊन हातात उरणाऱ्या पावणेअकरा हजारांत किती कर्जाचा हप्ता बसतो? तेरा लाखांचा. म्हणजे पंचेचाळीस लाखांचं घर स्वतःचा हप्ता स्वतः भरायला हवं असेल, तर बत्तीस लाख आणि खरेदीचा वरखर्च तुमचा पाहिजे. ज्याच्याजवळ हातात पस्तीस लाख आहेत त्याला या देशात गुंतवणुकीचे दुसरे बरेच मार्ग आहेत, आणि त्यांच्या टाक्या गळत नाहीत. हप्ता आणि किराया यांतली तफावत भरायला तयार असाल तर हरकत नाही, पण तिला नाव बरोबर द्या. ती तफावत म्हणजे तुम्ही भाववाढीवर दरमहा लावलेला पैसा.

व्याजदराचंही सांगतो. मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्के होता. मे २०२२ मध्ये तो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ ला साडेसहावर गेला. पंचवीस लाखांचं वीस वर्षांचं कर्ज सात टक्क्यांनी काढलेल्या माणसाचा हप्ता १९,४०० असतो. तेच साडेनऊ टक्क्यांनी २३,३००. किराया त्या दहा महिन्यांत चार हजारांनी वाढला का? बऱ्याच जणांना चढ कळलाच नाही, कारण बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. २०२५ मध्ये रेपो उतरून जूनमध्ये साडेपाचवर आला. उतरत्या दरात हप्ता कमी करून घेण्यापेक्षा तोच ठेवावा आणि मुदत घटवावी. हलत्या दराच्या व्यक्तिगत गृहकर्जाला मुदतीआधी भरण्याचा दंड नाही, हे बँकेतला माणूस आपणहून सांगतोच असं नाही. कर्ज काढताना मी आता एकच चाचणी लावायला सांगतो: घर चार महिने रिकामं राहिलं आणि दर दोन टक्क्यांनी वाढला, हे दोन्ही एकाच वर्षात झालं, तर मुलांच्या फीला हात लावावा लागेल का? लागत असेल तर कर्ज मोठं आहे.

'टॅक्स वाचतो' हा ब्रोकरचा आवडता पत्ता. तो आता अर्धा जुना झाला. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, ती जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींत. कर्जावरच्या व्याजाचंच भिजत घोंगडं आहे. जुन्या पद्धतीत भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर तो तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो. नव्या पद्धतीत येत नाही. आणि तुम्ही काही निवडलं नाही तर नवीच पद्धत लागू होते. एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदाही लागू. तेव्हा हिशेब आपल्या सीएकडून करून घ्या, साइटवरच्या मुलाच्या कॅल्क्युलेटरवर नको.

आणि एक ब्लॅकचं. 'थोडं कॅशमध्ये द्या, रजिस्ट्री कमीची करू' हे वाक्य ऐकलं की नवा माणूस मुद्रांकाची बचत मोजतो. रोखीच्या भागाला कर्ज मिळत नाही, विकताना तोच तुमचा नफा म्हणून कराला लागतो, आणि स्थावराच्या व्यवहारात वीस हजारांवर रोख घेण्याला आयकर कायद्यात जबर दंड आहे.

*

कागदांबाबत नागपूर हे वेगळंच प्रकरण आहे. बाहेरगावचा गुंतवणूकदार सात-बारा आणि इंडेक्स टू पाहून समाधानी होतो. इथे आणखी विचारावं लागतं: जमीन कोणाची? नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने स्थापन झाला, आणि त्याचे कितीतरी प्लॉट भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. हस्तांतराला त्यांची संमती लागते. जुन्या वस्त्यांत नझूल (सरकारी) जमीन, तिचा पट्टा, त्याचं नूतनीकरण, तो फ्रीहोल्ड करून घेतला की नाही, हा वेगळा विषय. आणि तिसरा प्रकार म्हणजे शेतीचे तुकडे पाडून सोसायट्यांनी विकलेले ले-आउट. '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे अशा अनधिकृत ले-आउटच्या गटांचे आकडे नागपूरकराला पाठ आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने हे नियमित करण्याची वाट निघाली, आणि तेव्हापासून नियमितीकरणाच्या पत्राला, ज्याला सगळं शहर 'आरएल' म्हणतं, घराच्या चावीइतकी किंमत आली. शहराबाहेर आता महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. नुसत्या ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभी राहिलेली स्कीम स्वस्त दिसते, ती या कारणाने स्वस्त असते.

माझ्या बँकवाल्या मित्राचं यावरचं म्हणणं मला पटलं. त्याच्या मते बँकेने एखाद्या ले-आउटला कर्ज नाकारलं की लोक दुसरीकडे, जास्त व्याजाने देणाऱ्याकडे जातात. खरं तर बँकेच्या वकिलाने त्यांना फुकट सल्ला दिलेला असतो.

फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प पाहा, चटईक्षेत्र (कार्पेट एरिया) तिथलंच धरा, भोगवटा प्रमाणपत्र मागा. आणि विचारा की सोसायटी आहे की नाही. नागपुरात बऱ्याच स्कीम अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली असतात. सेल डीडमध्ये जमिनीचा अविभाजित हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो, पण मेंटेनन्स कोण पाहणार ते कुठेच लिहिलेलं नसतं. लिफ्ट बंद पडली की कळतं. आमच्या स्कीममधली लिफ्ट २०२२ मध्ये पाच महिने बंद होती. चौथ्या मजल्यावर कोण राहील?

राहिलं घर पाहणं. यावर लोक खूप बोलतात, मी थोडक्यात सांगतो. नागपुरात ऑक्टोबर हा घर पाहायचा सगळ्यात फसवा महिना आहे. पाऊस नुकताच संपलेला, विहिरींना पाणी, हवा गोड, नाले शांत. घर मे महिन्यात दुपारी तीन वाजता पाहा. पारा पंचेचाळीसच्या वर असताना शेवटच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत दहा मिनिटं उभं राहा. कूलर बसवायची खिडकी आहे का, दिवसभर कूलर चालेल एवढं पाणी वर चढतं का, की टँकर येतो, हे शेजाऱ्याच्या बायकोला विचारा. ब्रोकरला विचारू नका. मग तेच घर सप्टेंबरच्या जोराच्या पावसानंतर पाहा. २०२३ च्या २३ सप्टेंबरला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट अशा भल्या-भल्या वस्त्यांत तळमजल्यावर माणूसभर पाणी शिरलं. तिथला भाव कमी नव्हता.

शेवटचा प्रश्न स्वतःला: इथे नेमका कोण राहायला येईल? 'कोणीही येईल' हे उत्तर आलं तर कोणी येत नाही. मेडिकलजवळ नर्सेस आणि डॉक्टर, धंतोलीत दवाखान्यांचा कर्मचारीवर्ग, हिंगणा रोडला कारखान्यातले आणि इंजिनिअरिंगची मुलं, वर्धा रोडला मिहानची पोरं. त्या एका माणसाचा पगार काढा, त्याचा चौथा-पाचवा हिस्सा म्हणजे तुमचा किराया. याहून जास्त कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला घर विकतो आहे.

यंदा मार्चअखेर मी माझ्या फ्लॅटचा हिशेब लिहून काढला. किराया चौदा हजार, अकरा महिने: १,५४,०००. मेंटेनन्स २४,०००, मालमत्ता कर ९,०००, रंग आणि प्लंबर १४,०००. उरले १,०७,०००, छत्तीस लाखांवर तीन टक्क्यांना तीन पैसे कमी, तेही कर्जाचं व्याज न धरता. शेजारचा फ्लॅट उन्हाळ्यात शेहेचाळीस लाखांत गेला. नऊ वर्षांत छत्तीसचे शेहेचाळीस, म्हणजे वर्षाला पावणेतीन टक्के. बाबांच्या घरावरचा मजला आता बारा हजारांनी जातो.

दिवाळीनंतर मी फ्लॅट विकायला काढतो आहे. शेहेचाळीस लाख, सगळे चेकने. सुधार प्रन्यासचे आणि बँकेचे कागद तयार आहेत, लिफ्ट सध्या चालू आहे. चौथा मजला, बाजू पश्चिमेची. पाहायला मे महिन्यात आलात तरी चालेल.